नॅपकिन डेकूपाज का बिघडतं: या चुका टाळा

कागदी नॅपकिन बनतो तोच पाणी शोषून घ्यायला आणि वापरून टाकून द्यायला. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर डेकूपाजमधल्या, म्हणजे कागदी नक्षी वस्तूवर चिकटवून वर व्हार्निशचे थर देण्याच्या कलेतल्या, निम्म्या चुका होणारच नाहीत. पण दर वेळी तेच बघते. जुना ट्रे, कळकट झालेली पेटी, रंग उडालेलं स्टूल हौसेने बाहेर काढलं जातं. फुलापानांचा नॅपकिन निवडण्यात अख्खी दुपार जाते आणि ती वस्तू घासून-पुसून तयार करायला पाच मिनिटंही दिली जात नाहीत. मग सुरकुत्या पडतात, फुगे येतात, नक्षी मळकट दिसते आणि दोष नॅपकिनला नाहीतर गोंदाला दिला जातो. नॅपकिनच्या अंगात ताकद नसते आणि स्वतःचा पांढरेपणाही नसतो. पांढरेपणा त्याला खालच्या रंगाने द्यायचा आणि ताकद वरच्या व्हार्निशने. बिघडलेल्या वस्तू घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि "यातून काही वाचवता येईल का?" असं विचारतात. त्या वस्तूंमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

सगळे पदर न सोडवणं

नॅपकिन दोन किंवा तीन पदरी असतो. नक्षी असते फक्त वरच्या पदरावर, खालचे पांढरे पदर काढून टाकायचे असतात. हे बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती तीन पदरी नॅपकिनमध्ये. एक पांढरा पदर हातात आला की काम झालं असं वाटतं. दुसरा मात्र छापील पदराला इतका बेमालूम चिकटून बसलेला असतो की शोधल्याशिवाय सापडत नाही.

शेजारची एक मुलगी तिच्या आजीची लाकडी पेटी घेऊन आली होती. झाकणावर निळ्या पक्ष्यांचा नॅपकिन, हात नेटका, कडाही छान बसवलेल्या. "काकू, मी पदर काढला होता हो. तरी हे बघा ना." झाकणाच्या मधोमध बोटाएवढा फुगा आला होता. मी नखाने कड हलकेच उचलली, तर व्हार्निशसकट अख्खा पक्षी वर आला आणि खाली लाकडाला घट्ट चिकटलेला कोरा पांढरा पदर दिसला. खालून लावलेला गोंद त्या पांढऱ्या पदरातच मुरला होता. वरून लावलेला गोंद छापील पदरात मुरला होता. दोघांच्या मधे काहीच पोचलं नव्हतं. पेटी वापरात आली, झाकण चार वेळा उघडलं-मिटलं आणि पदर सुटले.

"सिरिंजने गोंद भरून दाबून टाकूया का?" तिने विचारलं. एखादाच फुगा असेल तर तो उपाय चालतो. धारदार ब्लेडने बारीक चीर द्यायची, गोंद भरायचा, वर प्लास्टिक ठेवून दाबायचं. पण इथे सगळं झाकणच पोकळ होतं. शेवटी छापील पदर सोलून काढला, खालच्या पांढऱ्या पदरावर ओलं फडकं टाकून तो भिजू दिला आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडला. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिले. ते वाळवून पुन्हा घासावे लागले, पुन्हा प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर), पुन्हा पांढरा रंग. पेटी वाचली, पण तो निळ्या पक्ष्यांचा नॅपकिन तिच्याकडे एकच होता. तो गेला तो गेलाच.

हे टाळायला अर्धं मिनिट लागतं. हवी ती नक्षी आधी थोडी जागा सोडून कापून घ्या, कारण सुटा पदर कापायला फार त्रास देतो. नॅपकिनच्या कडेला दाबून उठवलेली किनार असेल तर ती छाटून टाका. तिथे पदर एकमेकांत दाबलेले असतात आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. मग कोपरा कोरड्या बोटांत चुरगाळा, पदर वेगळे व्हायला लागतात. नाही झाले तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून हलकेच ओढा. सगळं सुटलं असं वाटलं की तो कागद एखाद्या छापील पानावर ठेवा. नक्षी नसलेल्या जागेतून खालची अक्षरं वाचता आली, तर हातात एकच पदर आहे. अक्षरं धूसर दिसली तर अजून एक शिल्लक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनी ही परीक्षा दिल्याशिवाय मी गोंदाची बाटली उघडू देत नाही.

ओल्या गोंदावर मोठा नॅपकिन पसरणं

सुरकुत्यांची तक्रार सगळ्यात जास्त आणि तिचं कारण अगदी साधं आहे. कागद भिजला की फुगतो, लांबी-रुंदीने वाढतो. वाढलेला कागद मावणार कुठे? घडीच पडणार. ती घडी बोटाने सरळ करायला गेलं की ओला कागद फाटतो. घाबरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की त्याचा लगदा होतो. म्हणून ट्रे किंवा टेबलाच्या फळीसारख्या सपाट आणि मोठ्या वस्तूवर मी ओल्या गोंदाच्या वाटेलाच जात नाही.

माझी सवय इस्त्रीची. पांढऱ्या रंगावर डेकूपाज मिडियमचे, म्हणजे या कामासाठीच मिळणाऱ्या गोंदाचे, दोन पातळ हात द्यायचे. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, बोटाला जराही चिकट लागता कामा नये. मग त्यावर कोरडा नॅपकिन ठेवायचा, हवा तसा सरकवून जागेवर आणायचा, वर बेकिंग पेपर घालायचा आणि मध्यम गरम इस्त्री मधून कडेकडे दाबत न्यायची. इस्त्रीतली वाफ बंद हवी, नाहीतर पुन्हा पाणी आलंच. वाळलेलं मिडियम उष्णतेने मऊ होतं आणि कागद धरून ठेवतं. पाणी नाही, म्हणून कागद फुगत नाही, म्हणून सुरकुती नाही. बेकिंग पेपरच्या जागी वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते. काच आणि प्लास्टिकवर मात्र इस्त्री नको.

ही पळवाट आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यात आधी थांबावं लागतं आणि नंतर कागद ताणत बसावं लागत नाही, ती पद्धत शिस्तीचीच आहे. पळवाट म्हणजे ओल्या थरावर नॅपकिन टाकून "सुरकुत्या वाळल्यावर बसतील" असं म्हणणं. त्या बसत नाहीत.

इस्त्रीनंतर वस्तू पूर्ण थंड होऊ द्या. वरचा पहिला हात मऊ, पसरट ब्रशने द्या. मधून बाहेर, एकाच दिशेने, आणि ब्रश गेलेल्या जागेवर परत नको. तो थर वाळेपर्यंत कागद नाजूकच असतो.

गोल फुलदाणी, बरणी, अंडाकृती वस्तू यांच्यावर अख्खा चौकोनी नॅपकिन गुंडाळायचा हट्ट सोडा. सपाट कागद दोन्ही बाजूंनी वळलेल्या पृष्ठभागावर नीट बसूच शकत नाही. नक्षीचे लहान तुकडे करून एकेक लावा. इथे गोंद ओलाच लागतो. तो जेमतेम ओलावा राहील इतका पातळ लावा, नॅपकिन ठेवून वर प्लास्टिकची पातळ फिल्म धरा आणि फिल्मवरून बोट फिरवा. बोट थेट कागदाला लागलं नाही तर तो फाटत नाही. लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद घेत असाल तर तो थोडं पाणी घालून सैल करा, पण पाण्यासारखा नको.

आणि कडा. कात्रीने कापलेली कड रंगावर रेषेसारखी उठून दिसते. बारीक ब्रश पाण्यात बुडवून नक्षीभोवती ओली रेघ काढा आणि कागद हलक्या हाताने ओढून वेगळा करा. तंतू सुटलेली कड पांढऱ्या रंगात विरून जाते. ट्रेच्या किंवा फळीच्या कडेशी मात्र आधी कापूच नका. नॅपकिन थोडा बाहेर लोंबू द्या, सगळं वाळलं की बारीक पॉलिशपेपर कडेवर तिरका धरून वरून खाली घासा. जास्तीचा कागद सुरीने कापल्यासारखा सरळ निघून येतो.

गडद रंगावर थेट चिकटवणं

सुटा पदर ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो. तपकिरी लाकडावर लावलेला गुलाब तपकिरीच दिसणार. नक्षीखाली पांढरा किंवा नॅपकिनच्या पार्श्वभूमीशी जुळणारा फिकट रंग हवाच, दोन पातळ हात. बाकीची वस्तू गडदच ठेवायची असेल तर नक्षीच्या आकारापुरतं पांढरं करा. लाकडाचा पोत दिसायला हवा म्हणून रंग टाळायचा असेल, तर फिक्या लाकडाची वस्तू घ्या.

जुन्या वस्तूचं जुनेपण न काढणं

जुनी वस्तू नवी करायला घेतो तेव्हा तिच्यावर वर्षानुवर्षांचं पॉलिश, मेण, तेलकट हात बसलेले असतात. त्यावर कुठलाही रंग धरत नाही. मेण असेल तर टर्पेंटाइनने पुसा, हवेशीर जागेत, आणि ती फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळू द्या. फर्निचरला चमक आणणाऱ्या बऱ्याच फवाऱ्यांत सिलिकॉन असतं. ते राहिलं तर रंग जागोजाग फाकतो आणि गोल उघडे डाग पडतात. नीट पुसल्यानंतर 220 नंबरच्या पॉलिशपेपरने चमक मरेपर्यंत घासा आणि धूळ ओलसर फडक्याने टिपून घ्या. लॅमिनेट, चकचकीत टाइल किंवा चिनी मातीवर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा खास प्रायमर लागतो.

काही लाकडं पांढऱ्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर सोडतात. लाकडातलं टॅनिन नावाचं द्रव्य पाण्यात विरघळून वर येतं. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे कितीही हात दिले तरी डाग परत येतो. तिथे शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेला, प्रायमर लावायचा, मगच पांढरा रंग. डाग नॅपकिन लावल्यानंतर दिसला तर इलाज नाही, म्हणून पांढरा रंग दिल्यावर वस्तू एक रात्र तशीच ठेवून सकाळी उजेडात बघा.

पत्र्याच्या डब्यावर आधी गंज काढून गंजरोधक प्रायमर. आणि फार जुन्या, पोपडे आलेल्या ऑइल पेंटच्या वस्तूंबद्दल कळकळीने सांगते: त्या रंगात शिसं असू शकतं. अशी वस्तू कोरडी घासू नका, लहान मुलं घरात असतील तर अजिबात नाही. खात्री नसेल तर ती सोडून दुसरी वस्तू निवडा.

शेवटच्या थरांची घाई

अठराव्या शतकात व्हेनिसमधले कारागीर छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवत आणि त्यावर व्हार्निशचे हातावर हात देत, पूर्वेकडच्या महागड्या लाखकामासारखं दिसावं म्हणून. चित्राची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत थर चढवायचे, हेच या कलेचं खरं काम. आजचे नवशिके दुसऱ्याच थरावर थांबतात आणि संध्याकाळी वस्तू वापरायला काढतात.

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि थर आतून पक्का होणं वेगळं. मॉड पॉजसारख्या मिडियमला पूर्ण पक्कं व्हायला चार आठवडे लागतात, हे ते बनवणारेच सांगतात. त्याआधी वर काही ठेवलं तर चिकटून बसतं. डबे एकमेकांवर रचले तर उचलताना नक्षी वरच्या डब्याच्या तळाला लागून येते. ओलसर गोंदावर व्हार्निश चढवलं किंवा दमट हवेत दाट थर दिला तर आत दुधाळ झाक अडकते. हेअर ड्रायरची गरम हवा मारून वेळ वाचवू पाहणाऱ्यांना बुडबुडे मिळतात. वापरायचाच असेल तर थंड हवेवर, लांबून.

माझी पद्धत अशी: पातळ तीन हात, वाळल्यावर 400 नंबरच्या पॉलिशपेपरने अगदी हलकं घासणं, पुन्हा दोन-तीन हात. पहिले तीन हात होण्याआधी पॉलिशपेपरला शिवायचंही नाही, कागद उघडा पडतो. व्हार्निश पाण्यात मिसळणारं, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन. तेलावरचं व्हार्निश काळाबरोबर पिवळं पडतं आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते लगेच कळतं.

थोडक्यात आटोपण्यासारखं

लाल, गर्द निळा असे रंग कधीकधी ओलाव्याने पसरतात, म्हणून कापलेल्या तुकड्यावर गोंद लावून आधी बघा. घरी इंकजेट प्रिंटरवर छापलेली नक्षी ब्रशने हमखास पसरते, तिच्यावर आधी स्प्रे व्हार्निशचे हलके हात द्या. काचेवर काम करताना काच स्पिरिटने पुसल्यावर बोट लावू नका.

काचेच्या ताटलीला नक्षी मागच्या बाजूने लावा, छापील बाजू काचेकडे. पुढची बाजू मोकळी राहिली तरच त्यात खाण्याचं काही ठेवता येईल. डिशवॉशरमध्ये घालू नका, पाण्यात भिजतही ठेवू नका. मेणबत्तीच्या स्टँडला नॅपकिन लावला असेल तर त्यात खरी ज्योत नको, बॅटरीवरचा दिवा ठेवा. रोज गरम भांडी टेकणार असतील अशा टेबलावर नक्षीवर काच टाकून घ्या, पण व्हार्निश पूर्ण पक्कं झाल्यावरच, नाहीतर काच आणि नक्षी एकमेकांना धरून बसतील.