दुर्गम किनाऱ्यावरच्या आरोग्य शिबिरात स्वयंसेवक म्हणून काम कसं करावं

तुम्ही डॉक्टर किंवा नर्स नसलात तरी शिबिराला तुमची गरज असते. शिबिर कोलमडतं ते बहुधा रांगेत, केसपेपरपाशी आणि औषधांच्या टेबलावर. आणि तिथे बसतात ते स्वयंसेवकच.

१. आधी आयोजकांना विचारा: शिबिर उठल्यावर रुग्णाने जायचं कुठे? उत्तर गुळमुळीत आलं, तर मी अशा शिबिराला जात नाही. बीपीची महिनाभराची गोळी हातात ठेवायची आणि पुढच्या महिन्यात तिथे कोणीच नाही, याला काय अर्थ? स्वतःच्या लसीही आत्ताच बघा. हेपॅटायटिस बी लसीचे ३ डोस पूर्ण व्हायला साधारण ६ महिने लागतात.

२. वेळ ठरवताना घड्याळासोबत भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. होड्या त्या हिशेबाने सुटत असतील, तर रोज दहा ते पाच शिबिर ठेवून मासेमारी करणारे भेटायचेच नाहीत.

३. सामान दमट हवेपासून जपा. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी एक पट्टी काढली की लगेच घट्ट बंद करायची. ती उघडी राहिली तर आकडे भलतेच येतात. बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, पण त्या थेट बर्फाला टेकवू नका; काही लसी गोठल्या की वाया जातात.

४. बीपीचं टेबल सगळ्यात निगुतीने सांभाळा. समजा, एक आजोबा उन्हातून चढ चढून आलेत, धापा टाकतायत, आणि आपण लगेच पट्टा गुंडाळतो. आकडा चढाच येणार. त्यांना ५ मिनिटं टेकून बसवा, लघवीला जाऊन यायचं असेल तर जाऊ द्या. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, बाही वर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. मोजताना गप्पा बंद; आपल्याही. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. तुम्हाला हे कोणी शिकवलं नसेल, तर निदान खुर्च्या अशा मांडा की बसणाऱ्याला विसावा मिळेल.

५. औषध देताना घाई नको. डॉक्टरांनी लिहिलेलंच द्यायचं, मनाने काही सांगायचं नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. मग "समजलं का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "घरी गेल्यावर कोणती कधी घ्याल, मला सांगा बरं," असं म्हणा. सकाळची आणि रात्रीची गोळी एकदमच घेणारे इथेच सापडतात.

६. वापरलेल्या सुईला तुम्ही हात लावायचा नाही, टोपण तर मुळीच बसवायचं नाही. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायला सांगा. फोटोंचं म्हणाल तर फोन पिशवीतच बरा.

७. शेवटच्या दिवशी सामान बांधण्याआधी, ज्यांना पुन्हा तपासायचंय त्यांची यादी करा: नाव, आकडा, चालू औषध, पुढची तारीख. रुग्णांना विचारून ती तिथल्या आरोग्य कार्यकर्त्याकडे द्या आणि शेजारी बसून एकेक ओळ वाचून घ्या. अक्षर लागत नसेल, तर ते तुम्ही तिथे असतानाच कळू दे.