हाताने सही केलेल्या जुन्या नोटा कशा जमवायच्या

छापील सही बहुतेक नोटांवर असते, आपल्याला हवीय ती पेनने केलेली. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बघा, पेनची शाई कागदात जिरलेली दिसते, कडा किंचित पसरलेल्या असतात, हात जिथे दाबला तिथे रेघ गडद. शंका आली तर त्याच सिरीजची दुसरी नोट शेजारी ठेवा, सही तंतोतंत तशीच आणि त्याच जागी असेल तर ती छापीलच.

सुरुवात करायला मला शॉर्ट स्नॉर्टर, म्हणजे सोबत्यांच्या सह्यांनी भरलेल्या नोटा, सगळ्यात भारी वाटतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, सैनिक एकमेकांच्या नोटेवर सह्या करायचे, आणि नंतर कुणी विचारलं आणि ती नोट खिशात नसली तर त्याने ड्रिंक पाजायचं, एक नोट भरली की दुसऱ्या देशाची नोट टेपने जोडायची, अशा लांबच लांब पट्ट्या व्हायच्या. इथे नोट चुरगळलेली, मळलेली असली तरी बिनधास्त घ्या, ती खिशात फिरली म्हणूनच तर सह्या झाल्या.

पण तारखा जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. हवाई बेटांसाठीची, HAWAII असा शब्द छापलेली डॉलरची नोट 1942 मध्ये आली, तिच्यावर 1941 ची सही असूच शकत नाही. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं ऑक्टोबर 1945 मध्ये, मग 1942 ची तारीख घातलेली बॉलपेनची सही दिसली की सरळ नोट परत करा.

दुसरा प्रकार म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःच्या छापील सहीजवळ पेनने केलेली सही. जॉर्जिया नीस क्लार्क 1949 ते 1953 अमेरिकेच्या ट्रेझरर, म्हणजे सरकारी खजिनदार होत्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला, त्यांची अशी नोट मिळाली तर छापील सहीशी अक्षरांची वळणं ताडून बघता येतात, ही मोठी सोय.

हाँगकाँगच्या नोटांचा इतिहास तर अंगावर येतो, जपानी ताब्यात असताना एचएसबीसी बँकेच्या अधिकाऱ्यांकडून न वापरलेल्या नोटांवर जबरदस्तीने सह्या करून घेतल्या होत्या, युद्धानंतर बँकेने त्या नोटा मान्य केल्या. या नोटा सिरियल नंबरवरून ओळखतात, त्यामुळे कॅटलॉग बघूनच घ्या.

नोट धुवायची नाही, इस्त्री नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. पीव्हीसीचे पाऊच टाळा, पॉलिएस्टरचे घ्या, उन्हापासून लांब ठेवा कारण शाई उडते, आणि आणल्या आणल्या दोन्ही बाजू स्कॅन करा. पट्टीवरची जुनी टेप मात्र स्वतः काढायला जाऊ नका, सहीची शाई तिच्याबरोबर निघून येते, ते काम कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.