धबधब्याचा गुलाबी फेस आणि डार्कटेबल

लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यामुळे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फोटोंच्या एडिटिंगसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मोफत सॉफ्टवेअर एकाच फोटोवर लावून पाहिली. फोटो मुद्दाम अवघड घेतला: ठोसेघरचा धबधबा, भर उन्हातला, फेसावर गुलाबी छटा. अशा प्रखर उजेडात सेन्सरवर बहुतेक वेळा हिरवा चॅनल (हिरव्या रंगाची नोंद) आधी भरतो, म्हणजे कमाल मर्यादेला पोचतो. मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सुधारणा) लाल-निळा वाढवतो आणि पांढरं गुलाबी होतं. डार्कटेबलच्या ‘हायलाइट रिकन्स्ट्रक्शन’मध्ये (अति उजळ भाग सावरणारी सोय) क्लिपिंग थ्रेशोल्ड, म्हणजे चॅनल भरला असं धरायची मर्यादा, जरासा खाली आणला, फेस लख्ख पांढरा झाला! खडकावरचं शेवाळ मात्र रॉथेरपीच्या ‘कॅप्चर शार्पनिंग’नेच (बारकावे धारदार करणारी सोय) खुललं, हे मान्य करायलाच हवं. तरी मी डार्कटेबलच ठेवलं, कारण शेकडो फोटो चाळणं, पसंतीनुसार तारे देणं मला तिथे सोपं वाटलं. डार्कटेबलमध्ये केलेले बदल फोटोशेजारच्या वेगळ्या एक्सएमपी (.xmp) फाइलमध्ये राहतात, मूळ फोटो शाबूत. बॅकअप घेताना त्या फाइलीही घ्या.