जुने-नवे खेळ एकाच वायरलेस कंट्रोलरवर: घेण्याआधीची तयारी

कंट्रोलर शोधायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि दोन गोष्टी लिहून काढा: तुम्ही कशावर खेळता आणि काय खेळता. ‘सगळंच’ असं लिहू नका. पीसी, फोन, निन्टेन्डो स्विच, टीव्हीला जोडलेला रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, जे असेल त्याचं नाव लिहा. त्याखाली गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेले दहा खेळ. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या कागदावरूनच होतात, म्हणून हे काम टाळू नका.

यादीत एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन ५ असेल तर त्यावर आधी खूण करा. एक्सबॉक्स कन्सोल साधा ब्लूटूथ कंट्रोलर घेत नाही, कारण त्याची वायरलेस पद्धत त्याची स्वतःची आहे. प्लेस्टेशन ५ला ड्युअलशॉक ४, म्हणजे प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर, जोडता येतो, पण त्यावर प्लेस्टेशन ४चेच खेळ खेळता येतात. खोक्यावर ‘सर्वत्र चालतो’ लिहिलेलं असलं, तरी त्यात ही दोन यंत्रं सहसा नसतात. घरी एक्सबॉक्स असेल तर उलटा विचार करा: २०१६पासूनच्या त्याच्याच वायरलेस कंट्रोलरमध्ये ब्लूटूथही आहे, त्यामुळे तो पीसी आणि फोनवर चालतो.

आता खेळांच्या यादीतली बटणं मोजा. निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉम कन्सोलला दिशांची फुली आणि ए, बी एवढंच पुरायचं. १९९०च्या सुपर फॅमिकॉमने समोर चार बटणं आणि वर खांद्यापाशी दोन आणली, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक कंट्रोलर त्याच मांडणीवर उभा आहे. म्हणून तिथपर्यंतचे खेळ कशावरही सहज बसतात. अडचण होते ती सहा बटणांच्या खेळांची. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा १९९३चा सहा बटणांचा पॅड आणि निन्टेन्डो ६४ची चार पिवळी सी बटणं चार बटणांच्या मांडणीत नीट मावत नाहीत. निन्टेन्डो ६४साठी सी बटणं उजव्या स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने कुठेही झुकवता येणाऱ्या दांडीवर, लावली की बहुतेक खेळ चालून जातात. मारामारीचे खेळ मात्र तसे जमत नाहीत. तुमच्या दहांपैकी पाच तसेच असतील तर समोर सहा बटणं असलेला वेगळा पॅड घ्या, एकाच कंट्रोलरचा हट्ट सोडा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो डी-पॅडला, म्हणजे दिशांच्या फुलीला. जुन्या खेळांचं सगळं सुख त्या फुलीत आहे आणि नव्या कंट्रोलरमध्ये सर्वांत दुर्लक्षित भागही तोच असतो. ही फुली गुनपेई योकोई यांनी १९८२मध्ये डाँकी काँगच्या छोट्या गेम अँड वॉच यंत्रासाठी रचली. एकसंध तुकडा मधोमध तोललेला असतो, त्यामुळे एक बाजू दाबली की समोरची उचलली जाते आणि अंगठ्याला न बघताच दिशा कळते. हा तोल ढिला असेल तर डावीकडे दाबताना नकळत ‘वर’ही लागतं. माझ्या एका कंट्रोलरला हाच दोष होता. टेट्रिसच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘वर’ म्हणजे तुकडा थेट खाली आपटणं. कडेला सरकवायचा तुकडा भलत्याच जागी पडायचा आणि कितीतरी दिवस मी स्वतःच्याच अंगठ्याला दोष देत राहिलो. म्हणून हातात घेताच ही परीक्षा घ्या: डावी बाजू दाबून धरा आणि अंगठा हलकेच वर-खाली डोलवा. तिरकी दिशा सहज लागायला नको. मग अंगठा गोल फिरवा, आता मात्र आठही दिशा यायला हव्यात. दोन्ही जमलं तर डी-पॅड चांगला.

त्याची जागाही बघा. डावा अंगठा आपोआप टेकतो तिथे, वरच्या बाजूला, डी-पॅड आहे की स्टिक? कागदावर जुने खेळ जास्त असतील तर वर डी-पॅड हवा, नवे जास्त असतील तर स्टिक. अर्धे-अर्धे असतील तर माझं मत डी-पॅड वर असलेल्याच्या बाजूने पडतं. खालच्या स्टिकची सवय अंगठ्याला लवकर होते, खालच्या डी-पॅडवर तासभर खेळलं तर माझं मनगट दुखायला लागतं.

स्टिकबद्दल थोडक्यात: हॉल इफेक्ट किंवा टीएमआर सेन्सर आहेत का एवढं विचारा, हे दोन्ही चुंबकावर चालतात. साध्या स्टिकमध्ये आत घासणारा भाग असतो. तो झिजला की हात न लावताही पात्र चालू लागतं, यालाच ड्रिफ्ट म्हणतात. चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरमध्ये तसं घासणं नसतं. ही काही नवी युक्ती नाही, सेगाच्या १९९८च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही ती होती. ट्रिगर, म्हणजे मागची बोटाने दाबायची बटणं, बघताना गाड्यांचे खेळ आठवा. स्विचच्या स्वतःच्या कंट्रोलरचे ट्रिगर फक्त चालू-बंद होणारी बटणं आहेत, आणि त्यांच्या धर्तीवर बनवलेल्या अनेक कंट्रोलरचेही तसेच. तेच पीसीवर वापरले तर अर्धा वेग देताच येत नाही.

मग मोड, म्हणजे कंट्रोलर समोरच्या यंत्राशी कोणत्या भाषेत बोलतो ते. पीसीवरचे बहुतेक नवे खेळ एक्सइनपुट मागतात, काही जुनी सॉफ्टवेअरं डायरेक्टइनपुट, आणि स्विचचा मोड वेगळा. एटबिटडू प्रो २सारख्या कंट्रोलरवर यासाठी चार जागांची सरकती कळ आहे. अशी कळ बटणांच्या जोड्या पाठ करण्यापेक्षा कितीतरी सोयीची. कंट्रोलर हलवून नेम धरायचा असेल तर लक्षात असू द्या, एक्सइनपुटमधून हालचालीची माहिती जातच नाही. आणखी एक गोंधळ: निन्टेन्डोच्या मांडणीत ए उजवीकडे असतो, एक्सबॉक्सच्या मांडणीत खाली. कोणतीही निवडा, पण एम्युलेटरमध्ये (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बटणं अक्षरानुसार न लावता जागेनुसार लावा.

जोडणी ब्लूटूथ आणि डोंगल (यूएसबी पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर) अशी दोन्ही असलेलीच घ्या. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, म्हणून बटणाचा थोडासा उशीरही जाणवतो. उडी नेमक्या क्षणी मारायची असेल तिथे डोंगल बरा, फोनवर ब्लूटूथ. खऱ्या जुन्या कन्सोलवर ब्लूटूथ कंट्रोलर चालवणारा ब्लूरेट्रो अडॅप्टर लावायचा असेल तर ब्लूटूथ हवंच, नुसत्या डोंगलचा कंट्रोलर तिथे जोडता येत नाही. डोंगल यूएसबी ३च्या पोर्टला चिकटून ठेवू नका. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, छोट्या एक्स्टेन्शन वायरने तो लांब न्या. आणि कंट्रोलर उशिरा ऐकतो असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते बघा.

बॅटरी काढता येते का, एवढं मला पुरतं.

खोकं उघडलं की परतीची मुदत संपण्याआधी सगळं तपासा. आधी फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, मग कागदावरच्या प्रत्येक यंत्राला एकदा जोडा आणि दहाही खेळ थोडे थोडे खेळा. डी-पॅडची वरची परीक्षा पुन्हा घ्या. स्टिक सोडून दिल्यावर मध्यावर परत येते का ते पीसीवर पाहा. शेवटी कोणत्या यंत्रासाठी कोणता मोड आणि जोडणीसाठी कोणती बटणं धरायची, ते त्याच कागदाच्या मागे लिहा आणि कागद खोक्यात डोंगलसोबत ठेवून द्या.