आधी कपाट, मग कार्ट: फोनवरून खरेदी आवरायची आणि भंगार मार्गी लावायचं

सोलापूरकराला चादरी विकत आणाव्या लागत नाहीत, त्या आपोआप घरात येतात. लग्नाचा आहेर, वास्तुशांत, निवृत्तीचा सत्कार, काहीही असो, हातात चादर नाहीतर टॉवेल पडतोच. तरीही मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये मी फोनवरून दोन बेडशीट मागवल्या. ठेवायला कपाट उघडलं, तर घडीही न मोडलेल्या सात चादरी समोर!

म्हणून सुरुवात कपाटापासून करा. एखाद्या रविवारी कपाट, माळा आणि ओट्याखालचे कप्पे उघडून फोटो काढा. गॅलरीत ‘घरात आहे’ नावाचा अल्बम करून त्यात टाका. नव्या पेठेत दुकानात उभं असताना तो उघडून बघायचा. यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

मग खरेदीच्या ॲपकडे वळा. त्यांची नोटिफिकेशन बंद करा आणि साठवलेला कार्ड नंबर काढून टाका. दर वेळी नंबर टाकायला लागला की निम्मी खरेदी आळसानेच टळते. आवडलेली वस्तू कार्टमध्ये आठ दिवस राहू द्या. नवव्या दिवशीही आठवली, तर घ्या.

घ्यायचीच असेल, तर नीट बघून घ्या. आपल्या उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र चालतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल, म्हणजे वीज किती वाचते ते ताऱ्यांत सांगणारं लेबल, सक्तीचं आहे. ‘बीईई स्टार लेबल’ या सरकारी ॲपवर मॉडेल शोधून दोन पंख्यांची तुलना करता येते. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास धरले, तर उन्हाळ्याच्या १०० दिवसांत एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. चार्जर किंवा पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप उघडा. वस्तूवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू जुळते का ते कळतं. स्वस्तातला चार्जर चार महिन्यांत भंगारात जातो, तेव्हा तो स्वस्त कसला?

जुना मोबाइल घेणं चांगलंच, पण पैसे देण्याआधी दोन मिनिटं थांबा. फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. ‘संचार साथी’ ॲपवरही हीच सोय आहे. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असं आलं, तर विकणारा ओळखीचा असला तरी सोडून द्या.

आपली वस्तू विकायची असेल, तर ओएलएक्स आहे, फेसबुक मार्केटप्लेस आहे. माझा अनुभव असा, की अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वस्तू लवकर जाते. फोटोत पोचा, ओरखडा लपवू नका. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. समोरचा ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला, की फोन ठेवा.

आता रद्दी. एका ॲपवरून मी पिकअप बुक केलं आणि चार गठ्ठे बांधून जिन्याखाली ठेवले. तीन दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, कुणी फिरकलं नाही. नंतर कळलं, आमचा पिनकोड त्यांच्या यादीतच नव्हता. तेव्हा आधी पिनकोड टाकून बघा, मग गठ्ठे बांधा. सेवा नसेल, तर गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्या मामांचा नंबर सेव्ह करा. त्यांना माल फोटोसकट कळवला आणि लोकेशन पाठवलं, की ते गाडी घेऊन येतात. कागद, पुठ्ठा, लोखंड, प्लॅस्टिक वेगळं ठेवलंत, तर भाव वेगळा मिळतो, मिसळलंत तर सगळ्यांत कमी. प्लॅस्टिकच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे शाम्पूचा डबा, ५ म्हणजे जेवणाचे डबे. यांना सहसा गिऱ्हाईक मिळतं. आकडा पुसट असेल, तर फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा.

कोपऱ्यावर कचरा साचत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘स्वच्छता’ ॲपवर फोटो आणि जागा टाकून तक्रार करता येते. फोटोत जवळची पाटी किंवा खांब येऊ द्या, नाहीतर माणूस जागा शोधत बसतो.

जुना फोन देताना आधी गुगल अकाउंट काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा झाला, तर पुढचा माणूस तुमच्या पासवर्डसाठी अडकून बसेल. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. बॅटरी फुगली असेल, तर ती भंगाराच्या पोत्यात किंवा घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून जुना माल घेतात का विचारा आणि तोवर ती उन्हापासून लांब ठेवा.

त्या सात चादरींचं काय झालं? फोटो ग्रुपवर टाकला. चार चादरी तासाभरात गेल्या. दोन आईने वाकळीच्या अस्तरासाठी मागून घेतल्या, एक अजून कपाटात आहे.