खोटा अशोक आणि पुदिन्याची जुडी

आमच्या परळच्या सोसायटीच्या भिंतीलगत अशोकाची उंच, सरळसोट झाडं आहेत. माझी पाळी 3 महिने आली नाही तेव्हा सासूबाईंनी वॉचमनला सुरी देऊन त्यातल्याच एकाची साल काढायला लावली. अशोकारिष्ट बायकांना चांगलं, हे त्यांचं म्हणणं. पण औषधातला अशोक हा नव्हेच. तो सीता-अशोक, केशरी फुलांच्या गुच्छांचा. विकतच्या सालीतही या शोभेच्या अशोकाची भेसळ असते. म्हणून आधी झाड ओळखा, मग काढा उकळा. ऑफिसातल्या एकीने इंटरनेटवर ‘व्हायटेक्स’ वाचून निर्गुंडी सुरू केली होती. परदेशात पाळीसाठी घेतात ती व्हायटेक्स आणि आपली निर्गुंडी, दोघी एकाच घराण्यातल्या, पण चुलतबहिणी.

पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची चाचणी. नसेल तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोनची रक्ततपासणी. नुसत्या सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा त्रास, ठरत नाही. मूल हवं असेल तर नवऱ्याची वीर्यतपासणीही लगेच. आमच्याकडे त्यावरून आठवडाभर अबोला होता, झाली एकदाची.

आता मी काय घेते ते. संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर पुदिन्याची जुडी मिळते. जाड देठ काढून मूठभर पानं कपात हातानेच चुरडायची, वर उकळतं पाणी ओतून 10 मिनिटं बशी झाकायची. गॅसवर खळखळ उकळलात तर वास स्वयंपाकघरात आणि कपात गवताचं पाणी. दिवसातून 2 कप, दूध न घालता. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत 30 दिवस असा स्पेअरमिंटचा, म्हणजे पुदिन्याचा, चहा घेतलेल्या बायकांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं होतं, पण डॉक्टरांनी मोजलेल्या चेहऱ्या-अंगावरच्या नको त्या केसांत फरक नव्हता. माझ्या हनुवटीचंही तेच. थ्रेडिंगवालीचं गिऱ्हाईक काही तुटलेलं नाही. आणि हो, पेपरमिंटच्या टी-बॅगा म्हणजे हा पुदिना नव्हे.

मेथीदाणे चमचाभर रात्री भिजवून सकाळी चावून खायचे. साखरेला थोडी मदत होते. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. या गोळीची मूळ कल्पना युरोपातल्या एका वनस्पतीवरून आली, हे सांगितल्यापासून सासूबाईंचा तिच्यावरचा राग गेला.

दालचिनी घेताना काडी हातात घ्या. जाड, कडक, एकाच पदराची असेल तर ती रोज चमचा-चमचा खायची नाही, तिच्यातल्या कुमारिनने लिव्हरला त्रास होतो. सिलोनची पातळ पदरांची, सुरळीसारखी, बोटाने चुरणारी. ज्येष्ठमधाने ब्लडप्रेशर वाढतं. अश्वगंधा दिवस राहण्याच्या प्रयत्नात नकोच. शतावरी कल्प दुधात छान लागतो, पण त्याने मूल राहतं म्हणायला भक्कम पुरावा नाही.

माझी चूक सांगते. एका ओळखीच्या वैद्यांच्या बिनलेबल पुड्या, मेथी आणि अश्वगंधा मी एकदमच सुरू केली. महिन्याने लिव्हरचा रिपोर्ट बिघडला आणि दोष कुणाचा ते डॉक्टरांनाही सांगता येईना. सगळंच बंद करावं लागलं. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट, 3 महिने, आणि नोंद कालनिर्णयवर. पुडीवर घटक लिहिलेले नसतील, भस्माचा उल्लेख असेल, तर घरात आणू नका.

बीज सुटतच नसेल तर काढ्यात वेळ घालवू नका. त्यासाठी लेट्रोझोल आहे, डॉक्टर मोजून देतात. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी पाळीला फरक पडू शकतो. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासून. वय 35 च्या पुढे असेल तर 6 महिन्यांच्या प्रयत्नानंतर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. चाचणीत दोन रेघा आल्या की काढे त्याच दिवशी बंद, मेथी भाजीपुरती.

कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या खाड्याशेजारी सध्या माझ्या लाल खुणा आहेत. मागच्या दोन पाळ्यांत 34 दिवसांचं अंतर पडलं, आधी ते 60 असायचं. पुदिन्याने की संध्याकाळी शिवाजी पार्कच्या 4 फेऱ्या सुरू केल्याने, ठाऊक नाही. दोन्ही चालू आहे.