काश्मीरचा रस्ता विचारल्याशिवाय घडाला कोयता लावू नका

सोलापूर जिल्ह्यातील केळी, डाळिंब, द्राक्ष बागायतदारांसाठी सल्ला : डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी

उजनीच्या पट्ट्यात, म्हणजे कंदर, टेंभुर्णी, करमाळा, माढा भागात केळीची कटिंग चालू असते, तेव्हाच काश्मीर खोऱ्यात चिल्लई कलान लागते. 21 डिसेंबरपासून जानेवारी अखेरपर्यंतचे हे चाळीस दिवस तिथल्या सर्वात कडक थंडीचे. आपली काश्मीरला जाणारी केळी ज्या वाटेने जाते तो जम्मू-श्रीनगर महामार्ग या काळात कधी बंद होईल याचा नेम नसतो. वर्षभर सांभाळलेला माल अशा वेळी हातचा जातो तो एकाच चुकीने : घड आधी उतरतात आणि रस्त्याची चौकशी मागून होते.

चौकशी गाडी भरण्याआधी नव्हे, घड कापण्याआधी करा. पाऊण भरलेला घड थंडीत झाडावर आठ-दहा दिवस थांबू शकतो. तापमान उतरले की भरणी मंदावते, त्यामुळे थांबण्यात तोटा फारसा नाही. वजनात थोडी भरच पडते. कापलेल्या घडाला मात्र थांबवता येत नाही. म्हणून रस्ता बंद असेल तर झाड हेच तुमचे कोल्ड स्टोरेज, आणि त्याला भाडे लागत नाही. ज्या घडाची केळी पूर्ण गोल झाली आहेत, कडा उरलेल्या नाहीत, तेवढे घड जवळच्या बाजारात काढा. ते थांबवले तर झाडावरच तडकतात किंवा पिकतात, आणि लांबच्या गाडीत भरले तर वाटेत पिकून शेजारचा मालही पिकवतात.

आता चौकशी कशी करायची. "आज रस्ता चालू आहे का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही. सोलापूर ते जम्मू अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी दिवसाला 400 ते 450 किलोमीटर कापते असे धरले तरी जम्मूला पोहोचायला पाचवा दिवस उजाडतो. डिसेंबर-जानेवारीत पंजाब, हरियाणात धुके असते, रात्री चालक गाडी बाजूला घेतात, तिथे आणखी अर्धा-एक दिवस जातो. म्हणजे आज कापलेल्या मालासाठी पाचव्या-सहाव्या दिवशी डोंगरात काय असेल ते बघायचे. भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज मोबाईलवर मिळतो. त्यात पश्चिमी झंझावात (डोंगरात बर्फ-पाऊस आणणारी हवा) येतो आहे असे दिसले आणि तारीख तुमच्या गाडीच्या तारखेशी जुळत असेल तर टोळीला निरोप द्या, कटिंग पुढे ढकला. जम्मू-काश्मीर वाहतूक पोलीस रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या महामार्गाची सूचना काढतात, अवजड वाहने सोडणार की नाही, कोणत्या बाजूने सोडणार ते त्यात असते. ही सूचना व्यापाऱ्याकडून तोंडी ऐकू नका. स्वतः बघा.

बोगद्यांमुळे आता रस्ता बंद होत नाही, असे गाड्यांच्या अड्ड्यावर ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. 2017 मध्ये चेनानी-नाशरी बोगदा आणि 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंड बोगदा सुरू झाल्याने उंचावरचा बर्फाचा टप्पा टळला हे खरे. पण रामबन ते बनिहाल हा पट्टा तसाच ठिसूळ डोंगराचा आहे. वर बर्फ आणि खाली पाऊस पडला की दरडी येतात, दगड सुटतात. बर्फ थांबून ऊन पडल्यावर, वितळलेले पाणी मातीत मुरून दरड येते तेही वेगळेच. पर्यायी मुघल रोड हिवाळ्यात बर्फाने बंदच असतो. खोऱ्यात रस्त्याने माल न्यायला ही एकच भरवशाची वाट, आणि ती अडली की रांग उधमपूरपासून लागते.

रस्ता सुटला म्हणजे आपली गाडी सुटली असेही नाही. आधी अडकलेली प्रवासी वाहने आणि लहान गाड्या निघतात, अवजड गाड्यांची पाळी नंतर, तीही बऱ्याचदा एका दिशेने एक दिवस, दुसऱ्या दिशेने दुसरा दिवस. म्हणून "रस्ता खुला" ही बातमी आल्यावर निदान दोन-तीन दिवस रांग ओसरू द्या, मग कापा. रांग मोठी असताना नवीन गाडी पाठवली तर ती त्याच रांगेच्या शेपटीला उभी राहते.

अडकलेल्या गाडीत केळीचे काय होते ते नीट समजून घ्या, कारण दोन उलट गोष्टी एकाच मालावर होतात. केळीला 13 ते 14 अंश सेल्सिअस तापमान मानवते. मध्य प्रदेशापर्यंत दुपारी ताडपत्रीखाली हौद्यात उबारा साठतो, घडाच्या स्वतःच्या श्वसनाची उष्णताही त्यात मिळते, आणि एखादे केळ पिकले की त्याच्या इथिलीनने (फळ पिकवणाऱ्या वायूने) सगळा थर पिवळा पडू लागतो. पुढे उधमपूर-रामबनच्या रात्री पारा 13 च्या बराच खाली जातो आणि सालीला थंडी लागते. हा बिघाड वरून लगेच दिसत नाही. केळ हिरवेच दिसते. नखाने साल हलकी खरवडली की हिरव्याच्या खाली तपकिरी रेषा दिसतात. असा माल पिकवणीच्या खोलीत कितीही ठेवला तरी त्याला चकाकी येत नाही, धुरकट, राखाडी-पिवळा राहतो. मग तिकडचा आडत्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) कपात करतो, आणि दोष "बागेतला माल खराब होता" असा तुमच्यावर येतो.

उत्तरेच्या गाडीसाठी भरताना एवढे पाळा. दव पूर्ण उडाल्यावरच, म्हणजे नऊ-साडेनऊनंतर, कटिंग सुरू करा. ओल्या फण्या भरल्या की देठाच्या कापावर बुरशी चढते आणि चार दिवसांत फणीची केळी गळू लागतात. पक्वता 75 ते 80 टक्के, केळावर कडा बोटाला जाणवल्या पाहिजेत. फणी कापल्यावर काप खाली करून चीक गळू द्या, तुरटीच्या पाण्यातून काढा, पूर्ण निथळू द्या. एकही पिकलेले, तडकलेले किंवा घासलेले केळ गाडीत चढू देऊ नका. हौद्याच्या तळाला, फाळक्यांना आणि वरच्या थरावर केळीची ओली पाने घालण्यापेक्षा उसाचे वाळलेले पाचट वीतभर जाड घाला. हे कुठल्या शिफारशीत छापलेले नाही, पण ओले पान थंडीत गारठा धरते आणि कोरडे पाचट तो अडवते, हा अनुभवाचा हिशेब आहे, आणि पाचट आपल्याकडे फुकट आहे. चालकाला बजावा : मध्य प्रदेश, राजस्थानपर्यंत दिवसा ताडपत्री दोन्ही बाजूंनी सैल, अंबाल्याच्या पुढे रात्री घट्ट, आणि गाडी थांबली असेल तर दुपारी उन्हात तास-दोन तास उघडी.

थांबून निर्णय घेण्याच्या जागा तीन आहेत. पहिली तुमचा बांध. दुसरी दिल्ली, तिथे आझादपूर मंडीत किंवा पुढे पंजाबकडे माल वळवता येतो. तिसरी लखनपूर (जम्मू-काश्मीरच्या हद्दीवरचे गाव) ते जम्मू, जम्मूच्या नरवाल मंडीत उतरवता येतो, पण रस्ता बंद झाला की सगळेच तिथे उतरवतात आणि दर पडतो. उधमपूरच्या पुढे गेलेली गाडी परत फिरणे जवळपास अशक्य. त्यामुळे दिल्लीच्या आडत्याचा फोन आणि तिथला त्या दिवसाचा दर गाडी निघण्याआधीच हाताशी ठेवा.

सौदा करताना एक वाक्य कागदावर घ्या : गाडी काट्यावरून सुटल्यानंतर रस्ता बंद पडला तर नुकसान कोणाचे? "पोच मालाचा दर" असा सौदा असेल तर जोखीम तुमची, "जागेवरचा दर" असेल तर व्यापाऱ्याची. हिवाळ्यात काश्मीरच्या मालासाठी जागेवरच सौदा करा, किलोमागे रुपया-दीड रुपया कमी मिळाला तरी. काट्याची पावती, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि भरलेल्या गाडीचे फोटो तारखेसह जपा. इसार घेतला म्हणून व्यापारी सांगेल त्या दिवशी कटिंग करायची, असे बंधन तुमच्यावर नाही.

या दिवसांत दुकानातून दोन गोष्टी गळ्यात मारल्या जातात. एक, "थंडी रोखणारे" टॉनिक, ज्याच्या बाटलीवर घटक नीट लिहिलेले नसतात. ते घेऊ नका. दुसरी, इथिलीन शोषणाऱ्या पुड्या. पोटॅशियम परमँगनेटच्या या पुड्या बंद प्लास्टिक पिशवीतल्या बॉक्समध्ये खरोखर काम करतात. पण उघड्या हौद्यात सुटा माल भरून वरून पुड्या टाकल्या तर हवा खेळते, पुडी निरुपयोगी. तो पैसा चांगल्या ताडपत्रीवर घाला.

खोऱ्यातल्या बर्फाचा इथल्या बागेशीही संबंध आहे. झंझावात पुढे सरकला आणि उत्तरेचे वारे मोकळे झाले की दोन ते चार दिवसांत आपल्याकडे गारठा वाढतो. बंगालच्या उपसागरात कमी दाब असून ढग आले तर हा ठोकताळा चुकतो, एरवी सहसा जमतो. म्हणजे बर्फाची बातमी ऐकली की दोन कामे : कटिंग थांबवा आणि बागेची थंडीची तयारी करा.

केळी
- पाणी रात्री उशिरा किंवा पहाटे.
- निंबोळी पेंड 250 ते 500 ग्रॅम प्रति झाड.
- घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी), बागेभोवती शेडनेट किंवा कडब्याची ताटी.
- घड पूर्ण निसवल्यावर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 5 ग्रॅम + युरिया 10 ग्रॅम प्रति लिटर, स्टिकरसह.
- करपा : रोगट पानाचा भाग कापून जाळा. प्रोपिकोनॅझोल 1 मिलि + मिनरल ऑइल 10 मिलि प्रति लिटर.
- हिरवी पाने कापू नका, घडावरची तर नाहीच.

डाळिंब
- मृग बहाराची तोडणी कोरड्या हवेत, कात्रीने.
- पाण्यात खंड नको, फळे तडकतात.
- तेल्या रोगाची फळे वेचून बागेबाहेर जाळा.
- साठवण 5 ते 7 अंश, 5 च्या खाली नको.

द्राक्ष
- घडावर कागद, पिंक बेरी (मणी गुलाबी पडणे) टाळण्यासाठी.
- भुरी : पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर. काढणीपूर्व कालावधी पाळा.

हरभरा
- घाटे अळी : एकरी 20 पक्षिथांबे, 5 टक्के निंबोळी अर्क. अळ्या जास्त असतील तर इमामेक्टीन बेंझोएट 5 एसजी 4.4 ग्रॅम प्रति 10 लिटर.

डाळिंब उत्तरेच्या गाडीत केळीपेक्षा जास्त दिवस तग धरते, त्याची भीती कमी. बॉक्स मात्र ओले होऊ देऊ नका, खालचा थर दबतो. द्राक्षाला शून्य ते एक अंश लागते आणि केळीला तेरा-चौदा, म्हणून रीफर (आत थंड ठेवणाऱ्या) गाडीत भाडे वाचवायला दोन्ही एकत्र भरू नका. रीफर घेतलीच तर चालकाने वाटेत डिझेल वाचवायला मशीन बंद करू नये यासाठी आत तापमान नोंदवणारे यंत्र ठेवा.

30 जानेवारीनंतर थंडीचे पुढचे दोन टप्पे, चिल्लई खुर्दचे वीस आणि चिल्लई बच्चाचे दहा दिवस उरतात, तेव्हा बाजारात "आता रस्ता पक्का" असे बोलणे सुरू होते. फेब्रुवारी-मार्चचा बर्फ ओला असतो, त्याबरोबर पाऊसही येतो, आणि रामबनच्या दरडी त्या पाण्याने जास्त सुटतात. मार्च अखेरपर्यंत प्रत्येक कटिंगच्या आदल्या संध्याकाळी महामार्गाची सूचना आणि श्रीनगरचा पाच दिवसांचा अंदाज बघा. टोळीच्या मुकादमालाही सांगून ठेवा की तुमचा होकार आल्याशिवाय बागेत माणसे उतरवायची नाहीत.